पेंढा भरलेला बगळा, जिवंत वाघ

वर्गात वाघाचे किंवा गरुडाचे छायाचित्र दाखवले की कुणीतरी हमखास विचारते, “हे काढले कसे?” प्रश्न साधा आहे, पण त्यामागची दृष्टी शास्त्रीय आहे. छायाचित्र हा एक पुरावा असतो, आणि पुरावा समोर आला की तो कसा मिळवला हे आधी विचारायचे असते. आपण मात्र बहुधा चित्राखालचे नाव वाचतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो.

प्राण्यांची छायाचित्रे काढण्याचा प्रयत्न सुरू होऊन आता पावणेदोनशे वर्षे होत आली. या काळात चित्र अधिक चांगले करण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिल्या मार्गात प्राणी जसा आहे तसा राहू द्यायचा आणि छायाचित्रकाराने स्वतःची यंत्रे, बसण्याची जागा आणि सवयी बदलायच्या. दुसऱ्या मार्गात छायाचित्रकाराने आपली सोय पाहायची आणि प्राणी, प्रसंग किंवा चित्रच बदलून टाकायचे. देखणी चित्रे दोन्ही मार्गांनी मिळाली. प्राण्याविषयीचे ज्ञान मात्र पहिल्याच मार्गाने वाढले. ते कसे, हे या इतिहासात पाहू या.

न हलणारे प्राणी

1839 साली पॅरिसमध्ये दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे प्रकाश द्यावा लागे. डोंगर, इमारती, पुतळे यांना त्याचे काही वाटत नाही. माणसालाही मानेमागे टेकू देऊन बसवता येते. पण पाखराला “हलू नकोस” असे कोण सांगणार?

वेल्समधील जॉन डिल्विन लेवेलिन यांनी यावर एक उपाय काढला. 1850 च्या दशकात त्यांनी आपल्या पेनलरगेर या जमिनीवर पेंढा भरलेले हरीण आणि पेंढा भरलेला बगळा नेऊन ठेवला आणि त्यांची छायाचित्रे घेतली. पाण्याच्या काठी उभा असलेला हा बगळा पाहिला की क्षणभर तो आता मासा टिपणार असे वाटते. चित्राची मांडणी उत्तम आहे: पक्षी, पाणी आणि आजूबाजूची झाडी यांचा तोल साधलेला आहे. यात फसवण्याचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या काचांचा वेगच तेवढा कमी होता. पण बगळा शिकार कशी करतो, याबद्दल हे चित्र आपल्याला काहीही सांगत नाही. त्याची मान जशी वाकली आहे, तशी ती पेंढा भरणाऱ्याने वाकवली आहे.

याच सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत प्राण्यांवर प्रयोग सुरू होते. 1852 मध्ये तेथील ओबेश नावाच्या पाणघोड्याचे छायाचित्र काढले गेले. पाणघोडा जमिनीवर आडवा झाला होता, म्हणूनच ते जमले! तेथेच 1863 ते 1870 या काळात एका क्वागा मादीची छायाचित्रे घेण्यात आली. क्वागा हा झेब्र्याचाच एक प्रकार. त्याच्या अंगाच्या पुढच्या भागावर पट्टे असत आणि मागे ते विरत जात. जगातला शेवटचा क्वागा 1883 मध्ये ॲमस्टरडॅम येथे मेला. जिवंत क्वागाची म्हणून जी मोजकी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, ती सगळी या एकाच मादीची आहेत. मांडणीच्या दृष्टीने ती अगदी साधी आहेत. कुंपणाच्या आवारात आडवा उभा असलेला प्राणी, एवढेच. तरीही बगळ्याचे सुंदर चित्र आणि क्वागाचे साधे चित्र यांपैकी एकच जपायचे ठरले, तर कोणताही प्राणिशास्त्रज्ञ क्वागाकडेच हात करील.

प्राण्यानेच काढलेले चित्र

पुढचा टप्पा घोड्याने गाठून दिला. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात का, हा जुना वाद होता. चित्रकार बहुधा पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला घोडा रंगवत. 1878 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात लीलंड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांवर एडवर्ड मायब्रिज यांनी याचा निकाल लावला. धावपट्टीच्या कडेला त्यांनी ओळीने 12 कॅमेरे मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडी धावत येई, तिच्या धक्क्याने एकेक दोरा तुटे आणि त्या त्या कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले. पण ते पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! शतकानुशतके घोडा रोज डोळ्यांसमोर असूनही चित्रकारांना हे दिसले नव्हते.

1882 मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. उडत्या पक्ष्यावर नेम धरून चाप ओढला की सेकंदाला 12 चित्रे मिळत. त्यावरून उडताना पंखांची स्थिती टप्प्याटप्प्याने कशी बदलते हे अभ्यासता आले. पक्षी मारे यांच्या बंदुकीसमोरून उडून जाई आणि जिवंतच राही.

मायब्रिज यांच्या पद्धतीतील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॅमेऱ्याची कळ माणसाने दाबलेली नव्हती. प्राण्याच्या स्वतःच्या हालचालीनेच चित्र निघत होते. हीच कल्पना पुढे जंगलात गेली.

शिकाऱ्याची विद्या, कॅमेऱ्याचे काम

अमेरिकेतील जॉर्ज शायरस हे वकील होते, पुढे काही काळ लोकप्रतिनिधीही होते आणि मूळचे शिकारी होते. मिशिगन राज्यातील सरोवरांवर ओजिब्वा आदिवासी रात्री होडीच्या नाळेवर जाळ पेटवून हरणे टिपत. उजेडाकडे पाहत हरीण खिळून उभे राहते आणि त्याचे डोळे चमकतात. डोळ्यांतील जालपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे हे घडते. 1890 च्या दशकात शायरस यांनी तीच होडी, तोच अंधार आणि तेच कसब वापरले. फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला आणि प्रकाशासाठी मॅग्नेशियमची झगझगणारी पूड वापरली. 1887 मध्ये जर्मनीत तयार झालेली ही पूड मोठा आवाज करून पेटे आणि हाताळणाराच भाजण्याची भीती असे. पुढे शायरस यांनी वाटेवर तार ताणून प्राण्यालाच कळ दाबायला लावले. जुलै 1906 च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात त्यांची 74 छायाचित्रे छापली गेली. मासिक आता चित्रांचे पुस्तक होऊ लागले, अशी तक्रार करून संचालक मंडळातील दोघांनी राजीनामे दिले म्हणतात. आज त्या मासिकाची ओळखच छायाचित्रांमुळे आहे.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअरटन हे यॉर्कशायरमधील भाऊ पक्ष्यांच्या मागे लागले होते. 1892 च्या एप्रिलमध्ये चेरी यांनी कस्तुर जातीच्या पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. 1895 मध्ये दोघांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघाले. निसर्गात प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांनीच सजवलेले असे पुस्तक पूर्वी निघाले नव्हते. पक्षी माणसाला पाहून उडतात, गुरांना पाहून उडत नाहीत, हे शेतकऱ्यांच्या या मुलांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून पोकळ बैल बनवला आणि त्यात कॅमेरा घेऊन उभे राहिले. लेवेलिन यांनी पक्ष्यात पेंढा भरला होता. किअरटन बंधूंनी पोकळ बैलात माणूस भरला! वरवर दोन्ही युक्त्या सारख्याच वाटतात. पण पहिल्या युक्तीत बगळा खोटा होता. दुसरीत पक्षी खरा होता आणि सोंग फक्त छायाचित्रकाराने घेतले होते.

पुढे लपणगृहाची ही विद्या बरीच विकसित झाली. कापडी लपणगृह पहिल्या दिवशी दूर उभारायचे आणि रोज थोडे थोडे जवळ आणायचे. आत जाताना दोघांनी जायचे आणि एकाने परत फिरायचे. माणूस निघून गेला असे समजून बरेच पक्षी निर्धास्त होतात. पक्ष्यांच्या वर्तनाचा एक धडाच या युक्तीत आहे.

शिवालिकच्या जंगलातील वाघ

वाघाच्या छायाचित्रणाचा इतिहास आपल्याच देशात घडला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे त्या वेळच्या संयुक्त प्रांतात वन अधिकारी होते. भारतातील वनांचे प्रकार ठरवणारे हॅरी चॅम्पियन हे त्यांचे बंधू. त्या काळी अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात वाघाचे कातडे असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. चॅम्पियन यांना मात्र बंदुकीपेक्षा कॅमेरा प्रिय होता. दिवसा ते हत्तीवरून छायाचित्रे घेत. रात्रीसाठी त्यांनी तारेची युक्ती वापरली. ती वापरायची तर वाघ कुठून जाईल हे आधी कळायला हवे. वाघ शक्यतो काट्याकुट्यातून चालत नाही. जंगलातील पायवाटा, बैलगाडीचे रस्ते आणि कोरड्या ओढ्यांचे पात्र यांवरून तो फिरतो. त्यामुळे चॅम्पियन यांचे कॅमेरे म्हणजे वाघाच्या सवयींचा नकाशाच होता. नकाशा चुकला की काच कोरी राही.

1925 मध्ये त्यांची छायाचित्रे लंडनच्या एका नामांकित सचित्र साप्ताहिकात झळकली आणि 1927 मध्ये वाघांच्या मुलखातील छायाचित्रणावर त्यांचे पुस्तक आले. चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहताना, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यांवरून वाघ ओळखता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. मारलेल्या वाघाचे कातडे पाहूनही पट्ट्यांतील फरक कळतो. पण तोच वाघ पुन्हा कुठे, केव्हा दिसला हे कळायला तो जिवंत राहावा लागतो.

जिम कॉर्बेट यांनीही पुढे बंदूक बाजूला ठेवून चलच्चित्रणाचा कॅमेरा हाती घेतला. त्यांची अडचण आवाजाची होती. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ सावध होत. कॉर्बेट यांनी जंगलातील एका ओढ्याचे पाणी अडवून त्याचे लहान लहान धबधबे केले. त्या खळखळाटात यंत्राचा आवाज बुडाला आणि एकाच जागी सात वाघांचे चित्रण त्यांना करता आले.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा ज्यांनी नेटाने चालवली त्यांत मद्रासचे एम. कृष्णन (1912–1996) यांचे नाव अग्रभागी आहे. निरनिराळ्या यंत्रांचे भाग जोडून केलेल्या त्यांच्या कॅमेऱ्याला त्यांनी गमतीने ‘सुपर पाँडरोसा’ असे नाव दिले होते. 1959 ते 1970 या काळातील भारतीय वन्यजीवनाची त्यांनी केलेली पाहणी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हत्ती, गवे, रानकुत्री यांची त्यांची कृष्णधवल चित्रे म्हणजे रानातली टिपणवहीच आहे.

सजवलेले सत्य

काचा वेगवान झाल्या, भिंगे लांबचे टिपू लागली, फ्लॅश सुरक्षित झाला. आता पेंढ्याच्या बगळ्याची गरज उरायला नको होती. पण दुसरा मार्ग बंद झाला नाही. शिक्षकांना विचार करायला लावील असे एक उदाहरण पाहू.

1958 मध्ये डिस्ने कंपनीचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ हा उत्तर ध्रुवाकडील प्राण्यांवरील चित्रपट आला. त्यात उंदरासारखे लेमिंग नावाचे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दाखवले होते. चित्रपटाला उत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. 1982 मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने केलेल्या तपासात निराळीच हकीगत बाहेर आली. चित्रण अल्बर्टा प्रांतात झाले होते. त्या प्रांताला समुद्रच नाही! लेमिंग दुसऱ्या प्रांतातून आणलेले होते. झुंड मोठी दिसावी म्हणून फिरत्या तबकडीचा उपयोग केला होता आणि प्राण्यांना पाण्यात ढकलण्यात आले होते. लेमिंगांची संख्या दर तीन-चार वर्षांनी खूप वाढते, ते नव्या जागेच्या शोधात पांगतात, पाणी ओलांडताना काही बुडतात, एवढेच खरे आहे. पण सामूहिक आत्महत्येची कथा आजही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. चुकीचे वाक्य खोडता येते. डोळ्यांनी “पाहिलेली” चूक खोडणे फार अवघड असते.

संगणक आल्यावर प्राण्याला हात लावण्याचीही गरज उरली नाही. 1994 मध्ये प्राण्यांच्या स्थलांतरावरील एका अमेरिकन पुस्तकात सुमारे एक तृतीयांश चित्रांत फेरफार होते. मुखपृष्ठावरील झेब्र्यांच्या कळपातील मोकळ्या जागा संगणकाने झेब्रे भरून बुजवल्या होत्या. यावर मोठा वाद झाला. चित्र कलेचे म्हणून मांडले तर त्याला हरकत कशाला, असे म्हणणारेही होते. पण ते चित्र पाहून कळपात झेब्रे किती दाटीने चालतात हे कुणी मोजू लागला तर त्याचे उत्तर चुकणारच.

लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या वार्षिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला पहिले पारितोषिक मिळाले. तो लांडगा माणसाळवलेला असावा अशा निष्कर्षामुळे ते 2010 च्या जानेवारीत काढून घेण्यात आले. त्याच स्पर्धेत 2017 मध्ये रात्री चमकणाऱ्या वारुळाजवळ आलेल्या ब्राझीलमधील मुंगीखाऊच्या चित्राने एका गटाचे पारितोषिक मिळवले. पुढे तज्ज्ञांनी त्या मुंगीखाऊची तुलना तेथील राष्ट्रीय उद्यानात मांडून ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी केली. अंगावरच्या खुणा, केसांचे पुंजके, उभे राहण्याची ढब, सारे जुळले आणि 2018 मध्ये ते चित्र बाद झाले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, पण परीक्षकांचा निर्णय कायम राहिला. लेवेलिन यांच्या बगळ्यापासून निघालेली वाट सुमारे 160 वर्षांनी पुन्हा पेंढ्यापाशी आली. फरक एवढाच की लेवेलिन यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

पट्ट्यांची साक्ष

मुंगीखाऊच्या अंगावरील खुणा जुळवून खोटे उघड झाले. याच रीतीने, अंगावरील खुणा जुळवून, आज भारतातील वाघ मोजले जातात.

पूर्वी वाघांची गणना पंजांच्या ठशांवरून होई. ठसा मातीप्रमाणे बदलतो आणि दोन ठसे एकाच वाघाचे की नाही हे शेवटी पाहणाऱ्याच्या अंदाजावर ठरते. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते, पण 2005 मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यापूर्वीच उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे लावून वाघांची घनता काढण्याची पद्धत वापरली होती. त्यांचा शोधनिबंध 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टेही निरनिराळे असतात.

यामागचे गणित आठवीतल्या मुलांनाही समजेल. समजा, पहिल्या फेरीत 20 वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत 24 टिपले गेले आणि त्यांपैकी 12 पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतले निम्मे वाघ ओळखीचे होते. तर पहिल्या फेरीतले 20 हे एकूण वाघांच्या निम्मे असावेत. एकूण वाघ सुमारे 40. प्रत्यक्षातील सूत्रे याहून गुंतागुंतीची असतात, पण मूळ कल्पना हीच. 2018 च्या राष्ट्रीय गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. वन्यप्राण्यांची जवळजवळ साडेतीन कोटी छायाचित्रे मिळाली, त्यांपैकी 76,651 वाघांची होती. पट्टे जुळवून 2,461 वाघ वेगवेगळे ओळखले गेले आणि देशातील एकूण वाघांचा अंदाज 2,967 असा काढला गेला. या चित्रांत कुठे शेपूट कापली गेली आहे, कुठे डोके चौकटीबाहेर आहे. स्पर्धेत ती कुणी स्वीकारणार नाही. तरी प्रत्येक चित्र खरे आहे, आणि वाघांसाठी जंगल राखायचे की नाही हे ठरवताना त्यांचीच साक्ष काढली जाते.

महाराष्ट्रातलेही एक उदाहरण या जातीचे आहे. रानपिंगळा हे घुबड 1884 नंतर खात्रीलायकपणे दिसलेले नव्हते. 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेला त्याचा एक पेंढा भरलेला नमुना होता, पण तो दुसऱ्या संग्रहातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला आहे असे पामेला रासमुसेन यांच्या संशोधनातून सिद्ध झाले. ती खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा सापडला आणि त्याचे चित्रण झाले. खोटी चिठ्ठी लावलेल्या नमुन्याने जी माहिती दडवली होती, ती जिवंत पक्ष्याच्या चित्राने पुरी केली.

चांगले चित्र म्हणजे काय?

मग मांडणीला काही अर्थच नाही का? आहे, आणि तिचे बहुतेक नियम प्राण्याच्या जीवशास्त्रातूनच आलेले आहेत. डोळा स्पष्ट हवा, कारण प्राण्याचे लक्ष कुठे आहे हे डोळ्यांवरून कळते. वाघाचे डोळे समोर असतात, हरणाचे दोन्ही बाजूंना. चित्र घेण्याची दिशा त्यावरून ठरते. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला की त्याचे जग त्याच्या पातळीवरून दिसते. तो जिकडे पाहतो वा चालतो तिकडे चौकटीत मोकळी जागा ठेवली की हालचाल जाणवते. सकाळच्या तिरप्या उन्हात अंगाची गोलाई नीट उमटते. भोवतालचे झाड, गवत, पाणी थोडे दिसू दिले की तो कुठे राहतो हेही कळते. घरट्यापुढची फांदी तोडून चित्र “साफ” केले, तर कावळ्यालाही पिले दिसतात. म्हणूनच आज अनेक स्पर्धांत घरट्यांची चित्रे घेत नाहीत.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. शाळेच्या आवारातील सरडा, साळुंकी किंवा कोळी पुरे. मुलांना आठवडाभर एकाच प्राण्याकडे पाहू द्यावे. तो केव्हा येतो, कुठे बसतो, किती अंतरावर सावध होतो हे लिहून मगच एक चित्र घ्यायला सांगावे. घरी मोबाइल असेल तर त्यावर घ्यावे, नसेल तर पेन्सिलीने काढावे. चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात: जागा, वेळ, अंतर आणि चित्र घेताना आपण काय काय बदलले. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. पाणी ठेवले, दाणे टाकले, उजेड वाढवला, चित्राची कड कापली, जे केले ते लिहावे.

आता संगणकाकडून अस्तित्वात नसलेल्या वाघाचे हुबेहूब चित्र काही सेकंदांत तयार करून घेता येते. अशा वेळी पाठ्यपुस्तकातील चित्रापुढे उभे राहून “हे काढले कसे?” असे विचारणारे मूल वर्गात असणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे आहे. ते विचारील तेव्हा धडा दहा मिनिटे लांबला तरी चालेल.